विश्लेषण : रानरेड्यापुढे कोणती रायफल? मोठे काडतूस आणि खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचे गणित

आफ्रिकेतील रानरेडा किंवा हत्ती यांच्या शिकारीसाठी काडतूस कितीही मोठे निवडता येते. पण जेवढी ताकद पुढे जाते, त्या प्रमाणात धक्का मागे खांद्यालाही बसतो. हा धक्का सोसत नसेल, तर महागडी रायफल हातात असूनही गोळी भलतीकडे लागते आणि जखमी जनावर झुडपात शिरते. काडतुसाची निवड कशी होते आणि धक्का आवाक्यात कसा ठेवला जातो, याचा हा आढावा.

हा प्रश्न नेमका कुठे उद्भवतो?

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. मात्र टांझानिया, झाम्बिया, झिम्बाब्वे, नामिबिया, मोझाम्बिक आणि दक्षिण आफ्रिका या देशांत परवाना आणि ठरावीक कोट्यानुसार शिकार आजही कायदेशीर आहे. बोत्सवानाने २०१४ मध्ये बंदी आणली आणि २०१९ मध्ये ती उठवली. अशा शिकारीचे समर्थन करावे की नाही, हा स्वतंत्र आणि तापलेला वाद आहे. तो क्षणभर बाजूला ठेवला, तरी काडतुसाचा प्रश्न उरतोच. कारण शिकारीबरोबर माग काढणारे स्थानिक ट्रॅकर असतात. त्यांच्या हातात बहुधा बंदूक नसते आणि पुढे तेच चालत असतात.

प्रश्न फक्त शिकाऱ्यांचाही नाही. दक्षिण आफ्रिकेत पर्यटकांना जंगलात पायी फिरवणाऱ्या वाटाड्यांना जवळ मोठ्या बोअरची रायफल बाळगावी लागते. आयुष्यभर ती चालवण्याची वेळ येऊ नये, हीच त्यांची इच्छा असते. पण वेळ आलीच, तर हत्ती पंधरा-वीस पावलांवर असतो आणि हाताशी दोन-तीन सेकंद असतात.

काडतुसाच्या नावातले आकडे काय सांगतात?

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्यातली दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बोली भाषेत आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. पण नळीतून बाहेर पडते ती फक्त पुढची गोळी.

‘.३७५ एच अँड एच मॅग्नम’ या नावातील .३७५ म्हणजे गोळीचा व्यास इंचात, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. पुढची अक्षरे हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या बंदूक कंपनीची. गोळीचे वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. .३७५ ची नेहमीची गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे १९.४ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने सुटते. त्या क्षणी तिच्यात साधारण ५,८०० ज्यूल ऊर्जा असते.

.३७५ हीच किमान पायरी का मानली जाते?

हे काडतूस १९१२ मध्ये बाजारात आले. शंभरी उलटून गेल्यावरही आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी किमान व्यास म्हणून .३७५ हाच आकडा धरला जातो. नामिबियात मोजमाप ऊर्जेचे आहे : स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणाला किमान १,३५० ज्यूल, कुडूसारख्या मोठ्या हरणाला २,७०० आणि रानरेडा-हत्तीला ५,४०० ज्यूल. .३७५ ही रेषा थोड्या फरकाने ओलांडते. काही ठिकाणी जर्मन पद्धतीची ९.३ मिलिमीटरची काडतुसेही चालतात. बर्लिनचे बंदूककार ऑटो बॉक यांनी १९०५ मध्ये काढलेले ९.३ बाय ६२ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. आफ्रिकेतल्या जर्मन शेतकऱ्यांची ही आवडती आणि परवडणारी रायफल होती.

.३७५ च्या लोकप्रियतेमागे आणखी एक अगदी व्यवहारी कारण आहे. विमानात सामान हरवले, तर विंडहोक किंवा अरुशासारख्या शहरात दुसरी काडतुसे मिळण्याची शक्यता याच मापाची सर्वांत जास्त. हौसेने घेतलेले एखादे दुर्मीळ माप तिथे दुकानदाराने ऐकलेलेही नसते.

त्याहून मोठे काडतूस कधी लागते?

पूर्ण वाढलेला आफ्रिकी रानरेडा ६०० ते ८५० किलोचा असतो. त्याच्यावरचा पहिला बार बहुधा शंभर मीटरच्या आतून टाकला जातो. तो योग्य जागी बसला, तर .३७५ पुरते. प्रश्न येतो तो पहिला बार चुकल्यावर. जखमी रेडा पळतो, दाट झुडपात शिरतो, वाट बघत उभा राहतो आणि माग काढत आलेल्या माणसांवर अगदी जवळून चालून येतो. अशा वेळी अंगावर येणारे धूड जागेवर थांबवायचे असते. म्हणून सोबतचा व्यावसायिक शिकारी .४१६, .४५८ किंवा .४७० ची रायफल बाळगतो. पाहुण्या शिकाऱ्याच्या हातात .३७५ आणि मार्गदर्शकाच्या हातात त्याहून मोठी, ही विभागणी त्यामुळेच पडली.

.४१६ रिग्बी हे १९११ चे काडतूस. ४०० ग्रेनच्या आसपासची गोळी सेकंदाला सुमारे ७३० मीटरने, म्हणजे जवळपास ६,९०० ज्यूल. त्याच ताकदीचे .४१६ रेमिंग्टन मॅग्नम १९८० च्या दशकाअखेरीस आले.

.४५८ ची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. दुनळी इंग्लिश रायफली सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या. त्यांची ताकद साध्या बोल्ट रायफलीत मिळावी, म्हणून विंचेस्टर कंपनीने १९५६ मध्ये .४५८ विंचेस्टर मॅग्नम काढले. रायफलीच्या यंत्रणेत बसावे म्हणून पुंगळी आखूड ठेवली. मग ५०० ग्रेनच्या गोळीला वेग देण्यासाठी दारू ठासून भरावी लागली. दाबलेल्या दारूचे कालांतराने ढेकूळ व्हायचे, ती नीट जळायची नाही आणि गोळी कधी कधी ठरल्यापेक्षा बऱ्याच कमी वेगाने बाहेर पडायची. कागदावरचा आकडा आणि नळीतून निघालेली गोळी यांत फरक पडला की त्याची किंमत कोण मोजतो, हे सांगायला नको.

जॅक लॉट या अमेरिकी शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझाम्बिकमध्ये रानरेड्याने जबर जखमी केले. .४५८ विंचेस्टर कमी पडते, अशी त्यांची खात्री झाली. १९७१ मध्ये त्यांनी लांब पुंगळीचे .४५८ लॉट तयार केले. तीच ५०० ग्रेनची गोळी, पण वेग सेकंदाला सुमारे ७०० मीटर आणि ऊर्जा ८,००० ज्यूलच्या घरात. विशेष म्हणजे लॉटच्या रायफलीत अडीअडचणीला जुने .४५८ विंचेस्टरही चालते. आज आधुनिक दारूमुळे विंचेस्टरचा तो दोष बराच दूर झाला आहे, पण एकदा गेलेले नाव परत मिळवणे अवघडच.

ऊर्जेचा आकडा मोठा म्हणजे मारा प्रभावी?

नाही. इथेच नवखे फसतात. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे हलकी पण वेगवान गोळी कागदावर जबरदस्त दिसते. रानरेड्याच्या जाड कातडीतून, खांद्याच्या हाडातून आणि दोन-अडीच फूट मांसातून हृदयापर्यंत जायला मात्र गोळी जाडीच्या मानाने लांब, वजनदार आणि न फुटणारी लागते. जॉन टेलर या शिकाऱ्याने १९४८ च्या आपल्या पुस्तकात वजन, वेग आणि व्यास यांचा सरळ गुणाकार करून एक ‘नॉक-आउट’ आकडा काढला. त्यानुसार .३७५ ला सुमारे ४० गुण मिळतात, .४५८ ला ६७ आणि नेहमीच्या .३०-०६ ला २१. पण टेलर यांचे ते माप मुळात हत्तीच्या डोक्यावरील माऱ्यापुरते होते. पुढे लोकांनी ते हरणापासून अस्वलापर्यंत सर्वत्र लावले, तो दोष टेलर यांचा नाही.

गोळीच्या बांधणीला तितकेच महत्त्व आहे. ‘सॉफ्ट’ गोळी आत शिरताना छत्रीसारखी पसरते आणि मोठी जखम करते. ‘सॉलिड’ गोळी अजिबात पसरत नाही. ती आरपार खोल जाते. हत्तीच्या कवटीत मेंदूपुढे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्यांचे जाड हाड असते, तिथे सॉलिडच लागते. रानरेड्यासाठी पहिली सॉफ्ट आणि मागच्या सगळ्या सॉलिड, अशी भरणी पूर्वापार चालत आली. आता संपूर्ण तांब्याच्या, पसरूनही न तुटणाऱ्या गोळ्या आल्याने हा नियम सैल झाला आहे. कळपात मात्र सॉलिड चालवताना मागे दुसरे जनावर उभे नाही ना, हे आधी पाहावे लागते. ती एकाच्या अंगातून निघून दुसऱ्याला जखमी करते.

खांद्याला बसणारा धक्का नेमका किती?

शाळेत शिकलेला संवेग अक्षय्यतेचा नियम इथे जसाच्या तसा लागू होतो. .३७५ ची १९.४ ग्रॅमची गोळी ७७० मीटरच्या वेगाने पुढे गेली की तिचा संवेग होतो १५. त्यात सुमारे साडेचार ग्रॅम जळालेल्या दारूच्या वायूची भर पडते. हा वायू गोळीपेक्षाही वेगाने सुटतो, म्हणून त्याचा वाटा सहाच्या आसपास असतो. एकूण २१. तेवढाच संवेग रायफलीला मागे मिळतो. ताशी १४० किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा संवेग सहाच्या थोडा वर असतो. म्हणजे अशा तीनहून अधिक चेंडूंचा मारा एकदम, फक्त दस्त्याच्या रुंदीवर पसरलेला.

रायफल ४.१ किलोची असेल, तर ती सेकंदाला पाच मीटरहून जास्त वेगाने मागे येते. धक्क्याची ऊर्जा सुमारे ५४ ज्यूल. हाच हिशेब साडेतीन किलोच्या .३०-०६ ला लावला, तर आकडा २८-२९ ज्यूलवर येतो, साडेचार किलोच्या.४५८ लॉटला ९५ च्या आसपास. .४६० वेदरबी मॅग्नमचा धक्का तर १३० ज्यूलच्या वर जातो. .३०-०६ ची सवय असलेल्या माणसाने थेट लॉट हातात घेतली, तर धक्का तिप्पट होतो. ती उडी बहुतेकांना झेपत नाही.

धक्का नुसत्या आकड्यावर ठरत नाही, तो किती झटक्यात येतो यावरही ठरतो. जड गोळी, कमी वेग आणि वजनदार रायफल असेल, तर अंगावर ढकलल्यासारखे वाटते. हलकी रायफल आणि भन्नाट वेग असेल, तर थोबाडीत बसल्यासारखे. म्हणूनच .४७० च्या पाच किलोच्या दुनळीबद्दल जुने शिकारी कुरकुर करत नाहीत, पण तीन किलोच्या ‘हलक्याफुलक्या’ मॅग्नमला नावे ठेवतात.

खरे नुकसान दुखण्याचे की दचकण्याचे?

खांद्यावरचा काळानिळा डाग आठवड्यात जातो. मनात बसलेली भीती जात नाही. धक्क्याची अपेक्षा बसली की चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, बोट चापाला हिसका देते आणि नळी खाली किंवा बाजूला जाते. याला ‘फ्लिंच’ म्हणतात. दचकणाऱ्याला स्वतःला ते कळतही नाही, कारण त्याच क्षणी बार उडालेला असतो आणि धक्क्यात सगळे झाकून जाते.

ते उघडे पाडायची युक्ती मात्र सोपी आहे. जोडीदाराने रायफलीत कधी खरे, कधी नकली काडतूस भरून द्यायचे. नकली आले की ‘टक’ एवढाच आवाज होतो. आणि तरीही नळी खाली झुकली, तर दोष चापावरच्या बोटात नाही, मनात आहे हे सर्वांना दिसते. अनेक अनुभवी नेमबाजांनाही ही परीक्षा शरमेची वाटते.

अलास्कात तपकिरी अस्वल आणि मूस यांच्या शिकारीसाठी दरवर्षी बाहेरून माणसे येतात. तिथल्या राज्य वन्यजीव खात्याचा पाहुण्यांना सल्ला ठरलेला आहे : न झेपणाऱ्या मॅग्नमपेक्षा ज्यावर हात बसला आहे ती .३०-०६ बरी, पहिली गोळी नेमकी लागणे महत्त्वाचे. खास दौऱ्यासाठी नवी मोठी रायफल घ्यायची, दुकानाबाहेर पाच-सहा बार काढायचे आणि विमानात बसायचे, या प्रकाराला मार्गदर्शक सर्वांत जास्त वैतागतात. खर्च लाखांत आणि सराव तासाभराचा, असा हा उलटा हिशेब.

धक्का कमी कसा करतात?

सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे वजन. वरच्याच .३७५ चे वजन ४.१ ऐवजी पाच किलो केले, तर धक्का ५४ वरून ४४ ज्यूलवर येतो. दिवसभर खांद्यावर वागवताना मात्र तोच एक किलो जाणवतो. दुसरा उपाय दस्त्याचा. तो चालवणाऱ्याच्या हाताच्या लांबीला बेतलेला, सरळ आणि मागे रुंद हवा; शेवटी चांगल्या रबराची गादी हवी. दस्ता तोकडा असेल, तर अंगठा नाकावर आपटतो. दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसवली असेल, तर तिची कड भुवईवर अर्धचंद्राकृती खूण करून जाते. ही खूण मिरवणारे शिकारी बरेच भेटतात.

नळीच्या तोंडाशी छिद्रे असलेला ‘मझल ब्रेक’ बसवला, तर वायू बाजूला वळतो आणि धक्का ठळकपणे घटतो. पण आवाजही तोच बाजूला फेकला जातो. शेजारी उभ्या ट्रॅकरच्या कानांचे कायमचे नुकसान होऊ शकते. सरावापुरता ब्रेक लावून जंगलात तो काढून ठेवणारे आहेत, पण मग गोळी लागण्याची जागा बदलते का, हे पुन्हा तपासावे लागते. सायलेन्सर जिथे कायदेशीर आहे, तिथे तो धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो. बदल्यात रायफलीची लांबी वाढते.

बाकी सगळे सरावाचे आहे. टेबलावर रायफल टेकवून बसले, की शरीर मागे सरकू शकत नाही आणि सगळा धक्का खांदा झेलतो. त्यामुळे टेबलावर फक्त दुर्बीण जुळवण्यापुरते मोजके बार काढतात आणि उरलेला सराव उभ्याने, तीन काठ्यांच्या टेकूवरून होतो. जंगलातही असाच बार काढायचा असतो. कानात बोळे आणि वरून आवरणे, असा दुहेरी बंदोबस्त लागतो, कारण दचकण्याला धक्क्याइतकाच आवाजही कारणीभूत असतो. एका बैठकीत मोठ्या रायफलीचे दहा-बारा बार पुरे. घरी रिकाम्या रायफलीवर चाप ओढण्याचा आणि मैदानावर .२२ चा सराव मात्र शेकड्याने करता येतो. पुढच्या हाताने रायफल घट्ट धरून मागे ओढली, तर धक्का दोन्ही हात आणि खांदा यांत वाटला जातो. हलकी धरून ‘झेलू’ म्हणणाऱ्याला ती आधी वेग घेऊन मग आपटते.

मग छोट्या रायफलीने हत्ती मारणाऱ्यांचे काय?

मोठ्या काडतुसाविरुद्ध हमखास दिले जाणारे उदाहरण म्हणजे ‘कारामोजो’ बेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारांहून अधिक हत्ती मारले, त्यातले बहुसंख्य .२७५ रिग्बीसारख्या सात मिलिमीटरच्या रायफलीने. धक्का नगण्य, त्यामुळे नेम अचूक. पण बेल यांनी हत्तीची कवटी करवतून मेंदूची जागा अभ्यासली होती. ते मोकळ्या मैदानात, माणसाची भीती न बसलेल्या हत्तींवर, स्वतःला हवा तो कोन मिळेपर्यंत थांबून बार काढत. आजच्या दाट झुडपात आणि सावध हत्तींपुढे ती सवलत मिळत नाही. आज बहुतेक देशांत हा प्रयोग बेकायदाच ठरेल.

भारताचा यात संबंध काय?

बऱ्याच जणांना ठाऊक नसते, पण मोठ्या काडतुसांची आजची मापे ठरण्यात भारताचा हात आहे. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी यांनी कॉर्डाइट दारूवर चालणारे .४५० नायट्रो एक्स्प्रेस काढले आणि ते पटकन सर्वांचे आवडते झाले. परंतु बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना या काडतुसातल्या गोळ्या वापरता येतील, या धास्तीने इंग्रज सरकारने १९०७ मध्ये भारतात आणि सुदानमध्ये .४५० वर बंदी घातली. भारत ही या बंदूककारांची मोठी बाजारपेठ. बंदीतून वाट काढण्यासाठी .४६५, .४७० आणि .४७५ अशी किंचित वेगळी मापे पुढे आली. आज आफ्रिकेत दुनळीचे सर्वांत प्रचलित माप असलेले .४७० त्यांतलेच एक.

त्याच १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना .२७५ रिग्बी भेट मिळाली. हलकी रायफल डोंगर चढायला सोयीची म्हणून ते ती वापरत. जवळच्या आणि जोखमीच्या कामासाठी त्यांच्याकडे.४५०/४०० ची दुनळी होती.

आज भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या वाघ-हत्तीसारख्या प्राण्याबाबत राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे नोंदवून परवानगी देऊ शकतात. तेही त्या प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, अशी खात्री झाल्यावरच. परवानाधारक शेतकऱ्याकडे बहुधा असते ती .३१५ ची स्पोर्टिंग रायफल; .३७५ वा .४५८ इथे क्वचितच दिसते, आणि तीही बहुधा जुन्या संस्थानी घराण्यांच्या कपाटात.